गुंत्यातून सरपटणारा धागा
(हीरक महोत्सवानिमित्त आनेकल येथे केलेले भाषण)



आनेकलला हातमागावरच्या रेशीम विणकामाची परंपरा आहे. रेशमाचा धागा प्रथिनाच्या लांबच लांब रेणूंचा बनलेला असतो. धाग्याचा गुंता बोटांनी सोडवता येतो. रेणूंचा गुंता कसा सुटतो? डिंकाचे दाट पाणी, खळ, वितळलेले प्लॅस्टिक ही सारी मृदू द्रव्ये. ती इतक्या संथपणे का वाहतात, याचे उत्तर बव्हंशी या गुंत्यातच दडलेले आहे.

१९७१ साली फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पिएर-जिल द जेन यांनी एक कल्पना मांडली. दाटीत अडकलेल्या रेणूला आडवे हलता येत नाही. जणू अदृश्य नळीत असल्याप्रमाणे तो सापासारखा लांबीच्या दिशेने सरपटत बाहेर पडतो. पण हे पाहावे कसे? कारखान्यातील कृत्रिम रेणू फार लहान आणि लांबीने असमान असतात.

साहाय्य मिळाले ते जीवसृष्टीकडून. जिवाणूंवर वाढणाऱ्या लॅम्डा विषाणूच्या डीएनएमध्ये ४८,५०२ जोड्या असतात. प्रत्येक रेणू सारख्याच लांबीचा, सरळ केल्यास सुमारे १६ मायक्रोमीटर. १९९४ साली पर्किन्स, स्मिथ आणि स्टीव्हन चू यांनी डीएनएच्या दाट द्रावणात एकाच रेणूला चमकता रंग दिला, त्याच्या टोकाशी सूक्ष्म मणी जोडला आणि लेसरच्या चिमट्याने तो वळणावळणाने ओढला. ताणलेला रेणू आकसत परतला, तो त्याच वळणांच्या वाटेने! तेवीस वर्षांपूर्वीची कल्पना सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष दिसली.

आज एक कबुली द्यावयाची आहे. अनेक वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने मला विचारले होते, "बाई, मला जीवशास्त्रही आवडते आणि भौतिकशास्त्रही, दोन्ही एकत्र कोठे शिकता येतील?" मी म्हणाले, "दोन दगडांवर पाय ठेवू नकोस." तिने भौतिकशास्त्र सोडले. माझे उत्तर चुकीचे होते. ते दोन दगड नव्हतेच. एकाच वाटेच्या त्या दोन पायऱ्या होत्या.

सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९४८ साली स्थापन केलेल्या बंगळूरच्या संशोधन संस्थेत आज मृदू द्रव्यांचा अभ्यास चालतो. ती आपल्यापासून दूर नाही. म्हणून शिक्षकांना व पालकांना माझी विनंती आहे, की मुलाच्या दोन आवडींपैकी एक तोडावयास सांगण्यापूर्वी त्या कोठे जुळतात ते त्याच्यासह शोधावे. गुंता दिसला म्हणून धागा कापू नये.