लेखिकेची तार

नवे पुस्तक वाचकांपर्यंत कसे न्यावे, हा लेखक आणि प्रकाशक यांच्या पत्रव्यवहारातील नित्याचा विषय होय. जाहिरात कोठे द्यावी, अभिप्रायार्थ प्रती कोणास पाठवाव्यात, किंमत किती ठेवावी, अशा प्रश्नांनी ही पत्रे भरलेली असतात. तथापि या सर्वांच्या आधी एक प्रश्न उभा असतो. ज्याचा प्रसार करावयाचा, ते पुस्तक लेखकाचेच राहिले आहे काय? दिल्लीतील एका लेखिकेने याचे उत्तर एका तारेने दिले.

कृष्णा सोबती यांचा जन्म 1925 साली अविभक्त पंजाबातील गुजरात येथे झाला. फाळणीनंतरचे त्यांचे बहुतेक आयुष्य दिल्लीत गेले. 1952 साली त्यांनी ‘चन्ना’ ही आपली पहिली कादंबरी अलाहाबादच्या लीडर प्रेसकडे पाठविली. ती स्वीकारली गेली आणि छपाईही सुरू झाली. पुढल्या वर्षी मुद्रिते हाती आली, तेव्हा आपले पंजाबी व उर्दू शब्द काढून त्या जागी संस्कृत वळणाचे शब्द घातल्याचे त्यांना आढळले. त्यांनी छपाई थांबविण्याची तार केली, पुस्तक मागे घेतले आणि छापलेल्या प्रती नष्ट करण्याचा खर्च स्वतः सोसला. कादंबरीकार म्हणून तोवर त्यांचे नाव झालेले नव्हते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या निर्णयाचे मोल कळते.

प्रकाशकाच्या बाजूनेही विचार करणे न्याय्य ठरेल. हिंदीचा वाचक राजस्थानापासून बिहारपर्यंत पसरलेला आहे. सर्वांना कळेल अशी भाषा असावी, असे प्रकाशकास वाटणे अस्वाभाविक नाही. परंतु खेड्यातील माणसांच्या तोंडचे शब्द बदलले की ते खेडेच नाहीसे होते. मग प्रसार कशाचा करावयाचा?

संहितेला हात न लावताही पुस्तक दूरवर नेता येते. दिल्लीत 1958 साली सुरू झालेल्या हिंद पॉकेट बुक्सने एक रुपया किमतीची पुस्तके काढली आणि पुढे घरेलू लायब्ररी योजनेद्वारे ती टपालाने घरोघरी पोहोचविली. येथे आकार बदलला, किंमत बदलली, विक्रीची वाट बदलली.

‘चन्ना’चे हस्तलिखित मात्र पडूनच राहिले. राजकमल प्रकाशनाच्या शीला संधू यांनी लेखिकेस ते पुन्हा हाती घेण्यास राजी केले. सोबतींनी त्याचे विस्तृत पुनर्लेखन केले आणि 1979 साली ‘ज़िंदगीनामा’ प्रकाशित झाले. 1980 साली त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. दोन्ही वेळी मजकूर बदललाच होता. पहिल्या वेळी तो लेखिकेच्या अपरोक्ष बदलला गेला, दुसऱ्या वेळी तिच्याच लेखणीने.

आपल्या शब्दांवरील हा हक्क सोबतींनी पुढे शीर्षकापर्यंत नेला. अमृता प्रीतम यांच्या ‘हरदत्त का ज़िंदगीनामा’ या पुस्तकाच्या नावावरून त्यांनी 1984 साली न्यायालयात दावा लावला. 2011 साली निकाल विरुद्ध गेला. तत्पूर्वीच, 2005 साली, अमृताजी निवर्तल्या होत्या. ‘ज़िंदगीनामा’ या नावाचा भाई नंदलाल यांचा फारसी ग्रंथ तर कित्येक शतकांपूर्वीचा आहे. संहितेवर लेखकाची मालकी असते, पण एकट्या शब्दावर ती सहसा सिद्ध होत नाही.

सोबती 25 जानेवारी 2019 रोजी दिल्लीत निधन पावल्या. त्याच वर्षी राजकमलनेच ‘चन्ना’ प्रकाशित केली. तार पाठविल्यानंतर सहासष्ट वर्षांनी ती कादंबरी वाचकांपुढे आली, ती लेखिकेच्याच शब्दांत.