रंगावरच्या रेघा

श्रोतेहो, दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो. घोडेवाला आधी खरारा करून धूळ झाडतो, मग फडक्याने अंग पुसतो. मोटारीच्या बाबतीत मात्र आपण पहिली पायरी विसरतो. मीही विसरलो. रोज सकाळी नवी गाडी कोरड्या फडक्याने लखलखीत करी. महिन्याभरात उन्हात तिच्यावर कोळ्याचे जाळे दिसू लागले.

वाटले, हात गोल फिरवल्याचा हा परिणाम. सरळ पुसले, तरी जाळे वाढलेच! गुरुजी, हे कोडे वर्गात सोडवा. जुन्या स्टीलच्या ताटावर बॅटरीचा उजेड पाडा. ओरखडे कसेही असोत, उजेडाभोवती ते गोलच भासतात. तेव्हा दोष हाताच्या दिशेचा नव्हे, धुळीचा. तिच्यातले गारगोटीचे कण रंगाहून कठीण. फडक्याखाली आले की पॉलिशपेपरच!

म्हणून गाडी सावलीत, पत्रा गार झाल्यावर धुवा. आधी भरपूर पाण्याने धूळ वाहू द्या. दोन बादल्या घ्या : एक साबणाच्या पाण्याची, दुसरी फडके खळबळण्याची. जमिनीवर पडलेले फडके पुन्हा लावू नका.

मग पॉलिश : बारीक कणांचे, थोडेसे, मऊ कापडावर, हलक्या हाताने. आणि तेही क्वचित. पॉलिश ओरखडा भरीत नाही, भोवतालचा थर झिजवते. तो थर केसाहून पातळ, आणि गेलेला परत येत नाही. तेव्हा मंडळी, आधी पाणी, मग फडके.