फुकिरान : वाऱ्यावरचे वैभव



या व्यासपीठावर वेदान्त, राजकारण आणि रंगभूमी यांवर बोलणारे थोर वक्ते येऊन गेले. त्यांच्यामागोमाग वीतभरही उंच नसलेल्या एका जपानी झाडावर बोलण्यासाठी संयोजकांनी आम्हांला उभे केले, हे त्यांचे धाडसच म्हटले पाहिजे.

या झाडाचे जपानी नाव 'फूरान'. 'फू' म्हणजे वारा आणि 'रान' म्हणजे ऑर्किड. आपल्या मराठी रानाशी या 'रान'चा काही संबंध नाही. परंतु हे झाड मूळचे रानातलेच. जपान, कोरिया आणि चीन येथील अरण्यांत झाडांच्या फांद्यांना किंवा खडकांना मुळांनी कवटाळून ते राहते. याला जमीन लागत नाही. पाऊस, धुके आणि वारा यांवर त्याचा योगक्षेम चालतो. आपल्या सह्याद्रीतली सीतेची वेणी ज्यांनी पाहिली असेल, त्यांना हा संसार अपरिचित नाही. आपल्याकडे लोक अशा झाडांना सरसकट बांडगूळ म्हणून मोकळे होतात, तो मात्र अन्याय आहे. बांडगूळ यजमानाचा रस शोषते. ऑर्किड फक्त बसायला जागा मागते.

परंतु या अन्यायाला शास्त्रज्ञांचाही हातभार आहे. स्वीडनच्या थुनबर्गने १७८४ मध्ये या झाडाचे प्रथम शास्त्रीय वर्णन केले. पुढे १९२५ मध्ये हू या चिनी वनस्पतिशास्त्रज्ञाने फिने नावाच्या फ्रेंच अभ्यासकाच्या स्मरणार्थ त्याला 'निओफिनेशिया' हे कुलनाम दिले. अनेक वर्षे ते चालले आणि २०१२ मध्ये त्याची गणना 'वांडा' या कुलात करण्यात आली. आता हे 'वांडा' कोठून आले? आपल्याच संस्कृतातल्या 'वंदा' या शब्दावरून, आणि त्याचा कोशातला अर्थ बांडगूळ! अशा रीतीने एका जपानी झाडाला चीन, फ्रान्स आणि भारत अशी तीन देशांची गोत्रे लागली, आणि शेवटचे गोत्र तर चुकीचा आळ घेऊनच आले.

साध्या फूरानचे फूल पांढरेशुभ्र असते. पाकळ्या अरुंद, किंचित मागे वळलेल्या. आणि फुलामागे सुमारे चार सेंटिमीटर लांबीची, कोयत्यासारखी वाकलेली एक नळी लोंबते. या नळीच्या तळाशी मध असतो. रात्र पडली की फुलाला गोड सुवास सुटतो, आणि लांब सोंडेचे निशाचर पतंग त्या वासाच्या मागाने येतात. ज्याची सोंड लांब त्यालाच मध. आणि तो पिताना परागकणांचे पुंजके त्याला चिकटून पुढच्या फुलाकडे जातात. रंग पांढरा का, वास रात्रीच का, नळी एवढी लांब का, या तिन्ही प्रश्नांचे उत्तर त्या पतंगाच्या सोंडेत आहे.

आणि आता माणूस काय करतो ते पाहा. सांगतात, की अकरावा तोकुगावा शोगुन इएनारी याला या झाडाचे वेड होते. त्याने १७८७ पासून १८३७ पर्यंत राज्य केले. म्हणजे आपल्याकडे पेशवाई बुडून गेली तरी तो गादीवरच होता. सरदारांनी दुर्मिळ रोपे नजर करावीत, रोपांवर सोन्याचांदीच्या जाळ्या घालाव्यात आणि पाहणाऱ्याने आपला श्वास लागू नये म्हणून तोंडाशी कागद धरावा, अशा कथा प्रसिद्ध आहेत. निवडक जातींना 'फुकिरान' म्हणू लागले. 'फुकि' म्हणजे धन आणि प्रतिष्ठा. या जातींच्या मानाची उतरंड लावणारा तक्ता आजही निघतो, आणि त्याची मांडणी सुमो पहिलवानांच्या क्रमवारीच्या तक्त्यासारखी असते!

या शौकिनांना फुलाइतकेच, किंबहुना अधिक, पानाचे वेड. पानावर पिवळी-पांढरी किनार आहे की पट्टे, पान शेंगेसारखे आखूड व जाड आहे की काय, पान जेथून गळते तो सांधा चंद्रकोरीसारखा की सरळ, नव्या मुळाचे टोक हिरवे की माणकासारखे तांबडे, या सर्वांची बारकाईने परीक्षा होते. फुलांतही 'शुतेन्नो'सारखी गुलाबी आणि 'हिसुइ'सारखी हिरवट फुले आहेत. काही जातींची फुले आकाशाकडे तोंड करतात, काहींना एकीऐवजी अनेक नळ्या फुटतात, तर काहींची नळीच नाहीशी होते. ज्या नळीसाठी निसर्गाने एवढा खटाटोप केला, ती बिघडली की आमच्या मते फूल अधिक मोलाचे! अशा बिघडलेल्या फुलाशी पतंगाचा व्यवहार जमावा तरी कसा? रानात त्याचा वंश टिकणे अवघड. ते माणसाच्या हातावरच जगते.

आता ते जगवायचे कसे? मातीच्या कुंडीत पुरलेत तर मुळे कुजलीच म्हणून समजा. जपानी रीत अशी, की एका दांडीभोवती लांब धाग्यांचे स्फॅग्नम शेवाळ गुंडाळावे, त्यावर मुळे पसरावीत, वरून पुन्हा शेवाळ द्यावे आणि दांडी हलकेच काढून घ्यावी. आत पोकळी राहते, आणि तिच्यातून हवा खेळते. कुंडी पायांवर उभी, तळाला मोठे भोक. सकाळचे कोवळे ऊन पुरते. शेवाळ सुकू लागले की पाणी द्यावे. पण ते पानांच्या बेचक्यात साचू देऊ नये. हिवाळ्यात पाणी फार बेताने द्यावे, कारण मायदेशी हा त्याच्या विश्रांतीचा काळ. फुले जून-जुलैच्या सुमारास येतात. शेवाळ वर्षा-दोन वर्षांनी, वसंतात, बदलावे.

घेताना मात्र एक चौकशी अवश्य करा : रोप बागेत वाढवलेले आहे, की रानातून ओरबाडलेले? शौकासाठी झालेल्या तोडीमुळे जपानच्या रानांतून फूरान इतके घटले, की तेथील संकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत त्याचे नाव चढले आहे. ऑर्किडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 'साइटीस' कराराचे निर्बंध आहेत, ते उगीच नव्हेत. आपल्या घाटातल्या सीतेच्या वेण्या फांदीसकट घरी आणणाऱ्यांनीही हे कानावर घ्यावे.

बियांपासून रोपे होतात. पण बी धुळीसारखे, त्याला काचेच्या बरणीत निर्जंतुक पोषण द्यावे लागते, आणि आईचे गुण लेकरात उतरतीलच असे नाही. म्हणून नामांकित जाती बुंध्याशी फुटणाऱ्या कोंबांवरच चालतात. कोंबाला स्वतःची तीन-चार चांगली मुळे फुटेपर्यंत थांबायचे, आणि मगच तो वेगळा करायचा. एकाने दुसऱ्याला दिलेला, दुसऱ्याने तिसऱ्याला दिलेला तो एकाच झाडाचा तुकडा असतो. कुंडीत खोचलेली नावाची पट्टी मात्र सांभाळावी लागते. ती हरवली, तर फूल येईपर्यंत जाणकारही नाव सांगायला कचरतो. आणि फूल कोंबाला वर्षानुवर्षे येत नाही.