उंदराची फिट थांबली, पुढे काय?

अमुक वनस्पतीच्या अर्काने उंदरांची फिट थांबली, अशी बातमी छापून आली की अपस्माराचा रुग्ण असलेल्या घरात आशा पालवते. त्या एका वाक्यामागे प्रयोगशाळेत काय घडलेलं असतं, ते आधी पाहू.

पांढऱ्या उंदराला अर्क पाजतात आणि साधारण तासभर थांबतात. मग कानांना चिमटे लावून 150 मिलिअँपिअरचा झटका 0.2 सेकंद देतात. उंदीर आखडतो आणि त्याचे मागचे पाय शेपटीच्या दिशेने ताठ होतात. सगळी नजर या दोन पायांवर. ते ताणले गेले नाहीत, तर अर्काने संरक्षण दिलं अशी नोंद होते. फेनिटॉइन हे अपस्मारावरचं औषधसुद्धा असंच हाती लागलं. मेरिट आणि पटनम या संशोधकांनी बोस्टनमध्ये मांजरांना विजेचे झटके देऊन ते पारखलं आणि 1938 मध्ये ते रुग्णांपर्यंत पोहोचलं. ही चाचणी चुकतेही. आज सर्रास वापरलं जाणारं लेव्हेटिरासिटाम हे औषध तिच्यात नापास झालं होतं.

अर्काने उंदीर नुसता पेंगला तर नाही ना, हे बघायला त्याला फिरत्या दांड्यावर ठेवतात. तोल गेला की पडतो. मात्राही बघावी लागते. उंदराला किलोमागे 500 मिलिग्रॅम अर्क दिला असेल, तर रूढ हिशेबाने साठ किलोच्या माणसाला ते जवळजवळ पाच ग्रॅम होतात. तोही सुका अर्क, पाल्याचं चूर्ण नव्हे!

पण मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. परीक्षा जवळ आली की मुलांना शंखपुष्पीचं सिरप देणारी घरं तुमच्याआमच्या ओळखीची आहेत. याच नावाच्या आयुर्वेदिक औषधाचा मुंबईत झालेला अभ्यास 1992 मध्ये प्रसिद्ध झाला. फेनिटॉइनबरोबर ते घेतल्यावर फेनिटॉइनचा गुण कमी होतो आणि रक्तातली पातळी उतरते, असं लक्षात आलं होतं. म्हणून उंदरांवर पडताळणी केली. शंखपुष्पी एकटी दिली तेव्हा तिने फिट रोखण्याचा गुण दाखवला. फेनिटॉइनबरोबर एकदाच दिली, तर रक्तातली पातळी तशीच राहिली, पण फेनिटॉइनचा प्रभाव घटला. अनेक वेळा दिली, तेव्हा प्रभावही घटला आणि पातळीही.

म्हणजे जे औषध एकटं पास होतं, तेच फेनिटॉइनच्या गोळीच्या जोडीला आलं की रुग्णाला धोक्यात टाकू शकते. आपल्याकडचा रुग्ण गोळी सोडून अर्क घेत नाही, दोन्ही घेतो. म्हणून फिटवरच्या कुठल्याही अर्काची चाचणी प्रचलित गोळीसोबत झालीच पाहिजे. ती न करता 'अर्क गुणकारी' म्हणून निबंध छापणं म्हणजे झटके सोसलेल्या त्या मुक्या जिवांचा बळी वाया घालवणं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

फेनिटॉइनच्या बाबतीत तर चुकीला जागाच थोडी. रक्तात मिलिलिटरमागे 10 ते 20 मायक्रोग्रॅम ही त्याची नेहमीची मर्यादा. यकृताची ते जिरवण्याची ताकद लवकर संपते, त्यामुळे मात्रा जराशी वाढली तरी पातळी एकदम चढते. कोणाच्या घरी दोन्ही औषधं चालू असतील, तर आज रात्री घाबरून त्यातलं एकही आपल्या मनाने बंद करू नका. गोळी थांबवली तर फिट्स थांबेनाशा होऊ शकतात. आणि सिरपसकट जमवलेली गोळीची मात्रा, सिरप सुटल्यावर, जास्तही ठरू शकते. डॉक्टरांना सिरपची बाटली दाखवा आणि रक्तातली पातळी तपासून घ्या.