भागीदारीचे पैसे कुठून आणायचे?

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



शिबिराच्या पत्रकावर माझा विषय छापून आला तेव्हा मला दोघी-तिघींचे फोन आले. एकीनं सरळच विचारलं, "अगं, आपण घरकामगार बायकांच्या किमान वेतनासाठी भांडतोय आणि तू गुंतवणूक कंपन्यांतल्या, महिन्याला लाखांत पगार घेणाऱ्या बायकांवर काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. मीही तो स्वतःला बरेच दिवस विचारत होते.

त्या जगात मी गेले ती कायद्याच्या वाटेनं. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आपल्या सगळ्यांच्या परिचयाचा आहे. दहा किंवा जास्त माणसं जिथे काम करतात तिथे अंतर्गत समिती हवी आणि त्या समितीवर स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेतली बाहेरची एक सदस्य हवी. मुंबईतल्या एका गुंतवणूक कंपनीच्या समितीवर अशी बाहेरची सदस्य म्हणून मी काही वर्षं जाते आहे. नियमांत या सदस्याला दिवसाला दोनशे रुपये भत्ता लिहिलेला आहे. तिथल्या हिशेबनीसानं तो आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा त्याला वाटलं, पुढची शून्यं छापायची राहिली असावीत.

समितीसमोर काय येतं ते बाहेर सांगायला कायद्यानं बंदी आहे आणि ते योग्यच आहे. त्यातलं इथे काहीही नाही. मी सांगणार आहे ते प्रशिक्षणाच्या निमित्तानं, चहाच्या वेळी, लोकलच्या डब्यात कानांवर आलेलं. जिची गोष्ट सांगणार आहे तिला विचारून आणि तिची ओळख बदलून सांगते आहे.

आधी हा धंदा काय आहे ते. याला प्रायव्हेट इक्विटी म्हणतात. बचत गट आपल्याला पाठ आहे. दहा-वीस जणी पैसे टाकतात आणि कर्ज कुणाला द्यायचं ते त्याच ठरवतात. इथे पैसे टाकणारे वेगळे आणि ठरवणारे वेगळे. पेन्शन फंड, विमा कंपन्या, श्रीमंत घराणी पैसे टाकतात. सेबीच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे अशा फंडात एका गुंतवणूकदाराला साधारणपणे किमान एक कोटी रुपये घालावे लागतात. फंड चालवणारी मंडळी त्या पैशातून कंपन्यांचे हिस्से विकत घेतात, चार-सहा वर्षं ठेवतात, वाढवतात आणि विकतात. फंडाचं आयुष्य साधारण दहा वर्षांचं. चालवणाऱ्यांना दरवर्षी शेकडा दोनच्या आसपास फी मिळते. शिवाय ठरलेल्या परताव्याच्या वर नफा झाला तर त्यातला सुमारे पाचवा हिस्सा त्यांचा. या हिश्शाला तिथे ‘कॅरी’ म्हणतात. बाहेरून आपल्याला पगार दिसतो. खरी कमाई कॅरीची.

आता आपला संबंध. पुण्याच्या सह्याद्री हॉस्पिटलात तुमच्यापैकी कुणी ना कुणी गेलेलं असेल. २०१९ मध्ये त्यातला मोठा हिस्सा एव्हरस्टोन या गुंतवणूक समूहानं घेतला. २०२२ मध्ये तो कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या शिक्षकांच्या पेन्शन फंडाकडे गेला. २०२५ मध्ये मणिपाल समूहाला विकण्याचा करार झाला. म्हणजे कर्वे रोडवर बाळंत होणारी बाई आणि ओंटारिओतली निवृत्त शिक्षिका काही वर्षं एका धाग्यानं बांधलेल्या होत्या आणि दोघींनाही त्याचा पत्ता नव्हता! किंवा २०१० साल आठवा. एसकेएस ही सूक्ष्म कर्ज देणारी कंपनी ऑगस्टमध्ये शेअर बाजारात आली. तिच्यात अशाच फंडांचे पैसे होते आणि कर्जदार बहुतेक सगळ्या बायका. दोन महिन्यांत, वसुलीच्या तगाद्यामुळे होणाऱ्या आत्महत्यांच्या बातम्यांनंतर, आंध्र सरकारला वटहुकूम काढावा लागला. कर्ज घेणाऱ्या बायका वस्तीतल्या सतरंजीवर आणि कंपनीनं किती वेगानं वाढायचं ते ठरणार दुसऱ्याच खोलीत. त्या खोलीत कोण बसतं हा प्रश्न मला म्हणूनच आपला वाटतो.

जागतिक बँक गटातल्या आयएफसीनं २०१९ मध्ये एक अहवाल काढला. आपल्यासारख्या देशांत या धंद्यातल्या वरिष्ठ गुंतवणूक पदांवर बायका किती, तर शंभरात अकरा. खालच्या पायऱ्यांवर मुली दिसतात. हुशार, सी.ए., एम.बी.ए. झालेल्या. वर जाता जाता त्या गळतात.

आपल्याकडे वर पोचलेल्या बायका नाहीत असं नाही. रेणुका रामनाथ हे नाव यातलं मोठं. मुंबईच्या व्हीजेटीआयमधून कापड उद्योगाची इंजिनिअरिंग शिकलेली बाई. आयसीआयसीआयमध्ये वीसेक वर्षं काढली, तिथल्या गुंतवणूक कंपनीची प्रमुख झाली आणि २००९ मध्ये बाहेर पडून मल्टिपल्स हा स्वतःचा फंड उभा केला. त्याच संस्थेत ललिता गुप्ते १९७१ पासून होत्या, त्यानंतर कल्पना मोरपारिया. ही संस्था १९५५ मध्ये उद्योगांना दीर्घ मुदतीचं कर्ज देण्यासाठी निघाली होती. तिथे रीतसर भरती होती, बढतीच्या पायऱ्या होत्या. मोठी संस्था असली की बाईला निदान दरवाजा दिसतो. पंधरा-वीस माणसांच्या फंडात भरती ओळखीनं होते. तिथे दरवाजा कुठे आहे हेच कळत नाही.

समिती बनवतानाची गोष्ट सांगते. कायदा म्हणतो, समितीची प्रमुख त्या ठिकाणची वरिष्ठ पदावरची स्त्री हवी. आम्ही यादी घेऊन बसलो. भागीदार सहा, सगळे पुरुष. त्याखालच्या पायरीवर एक बाई, ती बाळंतपणाच्या रजेवर. मनुष्यबळ विभागातली मुलगी सत्तावीस वर्षांची. शेवटी कायद्यानं ठेवलेल्या पळवाटेनं, पळवाट म्हणू नये, सोयीनं, दुसऱ्या कचेरीतली बाई आणावी लागली. एका भागीदारानं हसत म्हटलं, "आम्हाला बायका मिळतच नाहीत हो." मी यादीतल्या रजेवरच्या बाईच्या नावावर बोट ठेवलं.

तिची माझी ओळख पुढे प्रशिक्षणात झाली. सांगलीकडची, शिक्षकाची मुलगी. सी.ए. झालेली. चाकणच्या एका कारखान्यात बोलणी करायला गेली तेव्हा मालकानं तिच्या हाताखालच्या मुलाशी अर्धा तास बोलून मग तिला विचारलं, "साहेब मागून येतायत का?" साहेब तीच होती. हे ती हसून सांगते. असल्या गोष्टींनी ती खचली नव्हती. रात्री दोनपर्यंतच्या बैठका, विमानं, मालकांच्या क्लबातली जेवणं, जिथे खरी बोलणी होतात, हे सगळं ती निभावत होती.

मग मूल झालं. २०१७ च्या दुरुस्तीनं २६ आठवड्यांची रजा दिली, ती तिला मिळाली. पाळणाघराची सक्ती पन्नास माणसांपासून पुढे आली आणि या कंपनीत माणसं तीस. पण खरी अडचण घड्याळाची. कॅरी टप्प्याटप्प्यानं, काही वर्षांत आपल्या नावावर होते. मध्येच सोडलं तर उरलेली सहसा बुडते. फंडाची दहा वर्षं आणि बाईची तिशी ते चाळिशी बरोबर एकमेकींवर येतात. कॅरीचे करार कुणाच्या आयुष्याचं माप घेऊन शिवलेत ते यावरून कळतं.

तरीही ती टिकली. सासूबाई आल्या, एक मावशी ठेवली. (या मावशींना काय पगार मिळतो हा प्रश्न मी तिला विचारला. उत्तर समाधानकारक नव्हतं.) आणि एक दिवस तिला भागीदार करायचं ठरलं.

मला नवीन होतं ते इथून पुढचं. भागीदार व्हायचं तर स्वतःचे पैसे घालावे लागतात. सेबीचा नियमच आहे, की अशा फंडात चालवणाऱ्यांची स्वतःची रक्कम हवी, फंडाच्या अडीच टक्के किंवा पाच कोटी, यातलं जे कमी असेल ते. परक्याचा पैसा सांभाळणाऱ्याचाही जीव त्यात अडकलेला असावा, हा हेतू चांगला आहे. पुष्कळ ठिकाणी भागीदार ही रक्कम आपसांत वाटून घेतात. तिच्या वाट्याला साठ लाख आले. तिच्याबरोबरच्या पुरुषाचेही तेवढेच. त्याच्या वडिलांनी नाशिकजवळचा प्लॉट विकला आणि प्रश्न मिटला.

हिचे वडील आधीच गेले होते. गावाबाहेरची दीड एकर जमीन होती, ती आता गावात आली आहे. भावानं तिथे गाळे बांधलेत. हिनं २०१६ मध्ये विनामोबदला हक्कसोड करून दिली होती. भावाकडे उसने मागितले तेव्हा तो म्हणाला, "तुझा महिन्याचा पगार म्हणजे माझं वर्षाचं उत्पन्न." तो खोटं बोलत नव्हता. नवरा म्हणाला, फ्लॅटचं कर्ज आहे, आत्ताच घाई काय? काही कंपन्या अशा वेळी कर्ज देतात. हिच्या कंपनीनं दिलं नाही आणि हिनं दुसऱ्यांदा मागितलं नाही. ती त्याच पायरीवर राहिली. तिच्या मागून आलेला एक जण पुढे गेला. कंपनीच्या कागदावर लिहिलं आहे, ‘वैयक्तिक कारणास्तव’.

आता सांगा, हा प्रश्न लाखांच्या पगाराचा आहे की आपल्या शिबिरातला? वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्रानं १९९४ मध्ये केली, त्यातून आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. २००५ मध्ये देशभर ती अट गेली. आणि हक्कसोडीच्या कागदानं आपण तो हक्क दुय्यम निबंधकाच्या टेबलावर ठेवून येतो.

आपण म्हणते, कारण मीही ठेवून आले आहे. २०१७ मध्ये. तेव्हा मी एम.एस.डब्ल्यू. होऊन तीन वर्षं झाली होती आणि गावोगाव बायकांना सांगत होते की न वाचता, न विचारता सही करू नका. मी वाचून, समजून सही केली. भावानं बळजबरी केली नाही. आईनं फक्त एवढंच म्हटलं, "भाऊबिजेला यायचंय ना तुला?" दोनशे रुपयांचा मुद्रांक होता.

आमच्या संस्थेतल्या एका ज्येष्ठ ताईंचं म्हणणं असं की नफ्याच्या यंत्राला बाईचा हात लागला म्हणून यंत्र बदलत नाही. खरं आहे. त्या खोलीत बाई बसली म्हणजे वसुली मऊ होईल असं मी म्हणणार नाही. समितीच्या निमित्तानं कठोर बायकाही भेटल्या. पण आपण शेतकरी बाईचं नाव सातबाऱ्यावर लावायला सांगतो तेव्हा ती जमीन सेंद्रियच कसेल अशी अट घालत नाही. मालकीचा हक्क चांगल्या वागणुकीचं बक्षीस म्हणून द्यायचा नसतो. आणि मजुरी वाढवून मागणं व मालकीत वाटा मागणं या दोन वेगळ्या मागण्या आहेत. पहिली करायला आपण मुलींना शिकवलं. दुसरी करताना त्यांच्यासमोर भाऊ असतो, आणि तिथे आपलीही जीभ अडखळते.

तिनं मला विचारलं, हक्कसोड रद्द होते का? नोंदणी झालेली हक्कसोड एकीच्या मर्जीनं रद्द होत नाही. फसवणूक किंवा दडपण असेल तर ते कळल्यापासून तीन वर्षांत कोर्टात जावं लागतं. तिच्या बाबतीत दोन्ही नव्हतं. आईचा मात्र स्वतःचा हिस्सा अजून आईच्याच नावावर आहे, हे तिला माझ्याशी बोलताना लक्षात आलं. त्या दिवशी तिनं सातबारा माझ्यासमोर मोबाइलवर काढला. कंपन्यांचे ताळेबंद रात्र रात्र वाचणारी बाई, स्वतःच्या घरचा उतारा पहिल्यांदा वाचत होती.

आमच्या सल्ला केंद्रात गेल्या वर्षापासून आम्ही एक केलं आहे. बाई कुठल्याही कामासाठी येवो, अर्जावर एक रकाना आहे: आजवर कुठे कुठे सही केली आहे? पहिल्या महिन्यात तो बहुतेक रिकामा यायचा. आता बायका पाठीमागच्या कोऱ्या जागेवरही लिहितात.

माझी चुलतबहीण येत्या दिवाळीत सही करणार आहे. मी तिला कागद आधी मला दाखव म्हटलं आहे. काकांनी माझ्याशी बोलणं सोडलं आहे.

मागच्या रांगेतल्या ताईंनी मघापासून हात वर केला आहे. विचारा, ताई.