उसातलं पिल्लू उसातच राहू द्या

ऊसतोड सुरू झाली की जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर, निफाड या पट्ट्यातून दर हिवाळ्यात एक बातमी येतेच: फडात बिबट्याची पिल्लं सापडली. कोयता चालता चालता सरीत, पाचटाच्या गादीवर, ओंजळीत मावतील अशी दोन-तीन पिल्लं दिसतात. डोळे नुकते उघडलेले, अंगावर ठिपके, आवाज थेट मांजराचा. तोडणी थांबते, मोबाईल बाहेर येतात, कुणी मांडीवर घेतं, कुणी बाटलीनं गाईचं दूध पाजतं, आणि त्या घोळक्यात कुणीतरी म्हणतंच, "मांजरच आहे की हे, जरा मोठं. लहानपणापासून सांभाळलं तर राहील घरात." आज मला दिलेला वेळ मी या एका वाक्यावर खर्च करायचं ठरवलं आहे. हे वाक्य बहुतेक वेळा माया असलेल्या माणसाच्या तोंडून येतं, आणि मायेपोटी होणारी चूक कुणी वेळेवर थांबवत नाही.

मांजर वाघाची मावशी, हे आपण पाळण्यात असल्यापासून ऐकतो. नातं खरंच आहे, पण नात्यावरून स्वभाव ठरत नाही. घरातली मांजर आपल्या पायाशी निवांत झोपते ती आपण तिला बशीत दूध देतो म्हणून, असा आपला समज असतो. खरं तर तिच्या आईनं, आजीनं, पणजीनं आणि त्यामागच्या मोजता येणार नाहीत इतक्या पिढ्यांनी माणसाच्या वावरात पिल्लं काढली. त्यांतली जी माणसाला कमी बिचकली ती वस्तीजवळ टिकली, फोफावली. तिच्या निवांत झोपेमागे हे सगळं आहे. रानातलं एखादं जनावर माणसाळतं ते त्याच्या एकट्यापुरतं; ते मेलं की त्याचं माणसाळणंही संपलं. पाळीवपण मात्र रक्तातून पुढच्या पिढीत उतरतं. हा एकच मुद्दा मी आज पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कारण रेडिओवर मागचं पान उलटून बघता येत नाही.

दह्याचं घ्या. रात्री कोमट दुधात चमचाभर विरजण घालून आपण पातेलं फडताळात ठेवतो, हलवत नाही, सकाळी दही लागतं. ते विरजण कालच्या दह्यातलं, कालचं परवाच्या दह्यातलं, आणि त्याच्याही आधीचं कधीतरी शेजारणीकडून वाटीत मागून आणलेलं. आता कुणाला घाई आहे म्हणून त्यानं दुधात लिंबू पिळलं. पाच मिनिटांत दूध दाटलेलं दिसतं, आंबटही लागतं, लांबून पाहणारा त्याला दही म्हणेलही. पण त्यातला एक चमचा उद्याच्या दुधात घालून बघा, दही लागणार नाही. बाटलीवर वाढवलेलं बिबट्याचं पिल्लू हे असं लिंबानं फाटलेलं दूध आहे. चार महिने ते अंगाखांद्यावर खेळतं, नावाला ओ देतं, आणि घरच्यांना वाटतं, लागलं दही. त्याच्यात विरजण पडलेलंच नसतं.

मांजरीचं विरजण किती जुनं आहे? पश्चिम आशियात आणि उत्तर आफ्रिकेत राहणारी एक रानमांजर ही तिची पूर्वज. शेती सुरू झाली, धान्य साठू लागलं, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे ही आली. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेली सापडली. त्या बेटावर मूळची मांजर नव्हतीच, म्हणजे कुणीतरी तिला होडीतून नेलं असणार. इतक्या जुन्या सोबतीनंतर, २०१४ साली शास्त्रज्ञांनी घरच्या मांजरीचे जनुक रानमांजरीच्या जनुकांशी ताडून पाहिले तेव्हा फरक फार मोठा निघाला नाही. जो निघाला तो भीती, स्मरण आणि खाऊच्या ओढीनं शिकणं यांच्याशी संबंध असलेल्या जनुकांत. माणूस समोर आला की पळायचं, चावायचं की बसून राहायचं, हे जिथून ठरतं तिथेच बदल झाला, आणि त्याला हजारो वर्षं लागली.

कुणी म्हणेल, ही हजारो वर्षांची गोष्ट झाली, मनावर घेतलं तर लवकर नाही का होणार? होतं. पण कसं होतं ते नीट ऐका. रशियात नोवोसिबिर्स्कजवळ दमित्री बेल्यायेव्ह आणि ल्युदमिला त्रूत यांनी १९५९ साली कातड्यासाठी पाळलेल्या कोल्ह्यांवर प्रयोग सुरू केला. हे कोल्हे आधीच कित्येक पिढ्या पिंजऱ्यात जन्मलेले होते, तरीही हात पुढे केला की गुरगुरायचे, चावायचे. म्हणजे नुसतं पिंजऱ्यात जन्मून काही साधत नाही, ही पहिली खूणगाठ. मग दर पिढीत सर्वांत शांत कोल्हे निवडायचे आणि त्यांचीच पैदास पुढे न्यायची. नरांतले शंभरात जेमतेम पाच आणि माद्यांतल्या वीस, एवढेच. बाकी सगळे बाद. पिल्लांना शिकवायचं नाही, कुरवाळायचंही अगदी मोजकं, कारण बघायचं होतं ते रक्तातलं. सहाव्या पिढीत माणूस दिसताच शेपूट हलवणारी काही पिल्लं जन्मली. दहाव्या पिढीत त्यांचं प्रमाण शंभरात अठरा झालं. एवढी कठोर निवड, एवढ्या पिढ्या, आणि तरी शंभरात अठरा. आपल्या ओसरीवर जे चालतं त्यात निवड नाही, पिढी नाही, फक्त एक बाटली आणि एक आईपासून तुटलेलं पिल्लू आहे.

आता राजेरजवाड्यांचा मुद्दा. हा आक्षेप नेहमी येतो आणि तो चांगला आहे, म्हणून त्याला जरा जास्त वेळ देतो. आपल्याकडे चित्ते पाळत होतेच की, कोल्हापूर संस्थानात चित्तेखाना होता, चित्तेवान होते, डोळ्यांवर पट्टी बांधलेला चित्ता गाडीत बसून काळविटाच्या शिकारीला जायचा, चित्तेवानाच्या हातून खायचा, त्याच्या खाटेजवळ झोपायचा. सगळं खरं आहे. मार्जारकुळातल्या मोठ्या जनावरांत चित्त्याइतकं सहज माणसाळणारं दुसरं नाही. अकबराने आपल्या हयातीत नऊ हजार चित्ते बाळगले असं सांगितलं जातं. पण मोगलांच्या त्या सगळ्या चित्त्यांत पिल्लं झाल्याची नोंद एकाच वेताची आहे, आणि ती जहांगीराने आपल्या आठवणींत मुद्दाम लिहून ठेवली कारण ते नवल होतं. त्यानंतर माणसाच्या ताब्यातल्या चित्त्याला पिल्लं झाल्याची नोंद थेट १९५६ची, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातली. म्हणजे शतकानुशतकं दरबारात दिसलेला जवळजवळ प्रत्येक चित्ता रानातून पकडून आणलेला होता. एक मेला की दुसरा पकडायचा, दुसरा मेला की तिसरा. उद्याच्या दुधाला विरजण नाही, म्हणून रोज नवं लिंबू. शिकार आणि माळरानं नांगरली जाणं याच्या जोडीला ही धरपकडही चित्त्याला भोवली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोल्हापूरसारख्या संस्थानांना आफ्रिकेतून चित्ते मागवावे लागले. १९४७ साली आपल्याकडच्या कोरिया संस्थानाच्या महाराजांनी एकाच रात्री तीन चित्ते मारले, ते आपल्याकडचे शेवटचे मानले जातात; १९५२ साली देशातून चित्ता संपल्याचं जाहीर झालं. चित्तेवानांच्या कौशल्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण इतकं कौशल्य, इतका पैसा आणि इतकी शतकं ओतूनही चित्ता पाळीव झाला नाही. मग बिबट्या, जो स्वभावाने चित्त्याहून कितीतरी कडक आहे, तो आपल्या गोठ्याशेजारच्या खोलीत होईल असं समजायचं कशाच्या जोरावर?

दुसरा आक्षेप असा की मांजरही ओरबाडते, चावते, तिच्याकडूनही रोग येतात, मग धोक्यात फरक तो काय? फरक आकाराचा आहेच; मोठा नर बिबट्या साठ-सत्तर किलोंचा होतो आणि त्याच्या खेळातही कातडं फाटतं. पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो आपल्या माहितीतला फरक. मांजरीला रेबीजची लस किती द्यायची, परत कधी द्यायची, हे तपासून ठरलेलं आहे. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनाही ते ठाऊक असतं. रानातून उचललेल्या जनावराबाबत घरच्या माणसाला अशी खात्री कुणी देऊ शकत नाही. २००३ साली अमेरिकेत घानाहून विक्रीसाठी आणलेल्या मोठ्या उंदरांपासून पाळीव म्हणून विकल्या जाणाऱ्या, खारीच्या कुळातल्या प्रेअरी डॉगना आणि त्यांच्यापासून माणसांना मंकीपॉक्स झाला. ४७ माणसं आजारी पडली, आणि त्यांतल्या अनेकांचा दोष एवढाच की त्यांनी दुकानातून एक गोजिरवाणं जनावर घरी आणलं होतं. रोग उलट्या दिशेनंही जातो, हे कुणी लक्षात घेत नाही. आपल्या मांजरींत फिरणारा पॅनल्युकोपेनिया बिबट्याच्या पिल्लालाही होतो. मांजरीच्या टोपलीत, मांजरीच्या बशीतून पाजलेलं पिल्लू वनखात्याकडे पोचेपर्यंत आजार घेऊन पोचू शकतं. आणि जनावर आवरेनासं झालं की पुढे काय होतं त्याचं टोकाचं उदाहरण ओहायो राज्यातल्या झेन्सव्हिलचं आहे. २०११ साली तिथल्या एका मालकाने खासगी प्राण्यांचे पिंजरे उघडले आणि आत्महत्या केली. रात्र पडायच्या आत वस्ती वाचवायची म्हणून पोलिसांना सुमारे पन्नास जनावरं गोळ्या घालून मारावी लागली. त्यांत १८ वाघ होते. बाटलीच्या दुधावर वाढलेलीही त्यांत असणार, पण त्या संध्याकाळी ते कोण विचारणार होतं? तिथे अशी मोठी मांजरं खासगीत पाळण्यावर देशव्यापी बंदीचा कायदा यायला २०२२चा डिसेंबर उजाडला. आपल्याकडे कायदा १९७२ पासून आहे. बिबट्या त्याच्या पहिल्या परिशिष्टात येतो, आणि पिल्लू घरी नेणाऱ्याला तीन ते सात वर्षांची शिक्षा होऊ शकते. पण शिक्षेच्या भीतीनं कुणी थांबावं यापेक्षा मुद्दा कळून थांबावं, असं मला वाटतं.

आणि मग हमखास हेमलकशाचं नाव घेतलं जातं. डॉ. प्रकाश आमट्यांच्या अंगावर बिबट्या खेळतानाचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिले आहेत, आणि त्या कामाबद्दल महाराष्ट्राला वाटतं ते मलाही वाटतं. पण ते अनाथालय आहे, ही गोष्ट आपण फोटोत विसरतो. शिकारीत आई मेलेली, परत रानात जाण्याचा रस्ता बंद झालेली जनावरं तिथे आली. त्यासाठी जागा, पिंजरे, परवानग्या, उपचार आणि एका कुटुंबाचं सारं आयुष्य लागलं. तिथेही पाळीव जनावर तयार झालं, असा दावा कुणी केलेला नाही. आपल्या उसातल्या पिल्लाची आई मेलेली नसते. ती बहुतेक वेळा दोन-तीनशे मीटरवर, पुढच्या फडात, माणसं जायची वाट बघत असते. अनाथालयाचा दाखला देऊन आपण ज्याला घरी नेतो ते पिल्लू आपण उचलल्यामुळे अनाथ होतं.

पोपटाबद्दलही बोलायचं होतं. राघू तर पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात आहे, त्याचं काय, असं विचारणारे पुष्कळ आहेत. एवढंच सांगतो की पिंजऱ्यातला राघू ढोलीतून पिल्लू असताना काढलेला असतो, पिंजऱ्यातल्या राघूंच्या पोटचा नसतो, आणि तोही गुन्हाच आहे. बाकीचं पुन्हा कधीतरी. घड्याळ पुढे गेलं आहे आणि सगळ्यांत कामाची गोष्ट अजून राहिली आहे.

पिल्लं सापडली तर काय करायचं? तेवढ्या पट्ट्यातली तोडणी थांबवायची, माणसं मागे घ्यायची, पिल्लांना हात लावायचा नाही, दूध तर मुळीच पाजायचं नाही, आणि वनखात्याला १९२६ या क्रमांकावर फोन करायचा. जुन्नर भागात वनखातं आणि माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्राची माणसं हे काम वर्षानुवर्षं करत आहेत. डॉक्टर पिल्लं तपासतात, वजन करतात, गोचिडं काढतात. अंधार पडायच्या सुमाराला पिल्लं सापडली त्याच जागी, टोमॅटोचा असतो तसल्या क्रेटमध्ये ठेवतात, बाजूला कॅमेरा लावतात आणि सगळे लांब जातात. मादी येते. आधी लांबून वास घेते, चक्कर मारते, क्रेट पंजाने कलंडवते आणि एकेक पिल्लू मानेला धरून नेते. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते, ही समजूत या कॅमेऱ्यांनी कितीदा तरी खोटी पाडली आहे. पहिल्या रात्री आली नाही तर दुसऱ्या रात्री पुन्हा ठेवतात. कधी ही पिल्लं बिबट्याची नसतात, वाघाटीची असतात; वाघाटी म्हणजे पूर्ण वाढली तरी दीड किलोच्या आतबाहेर राहणारी, जगातली सगळ्यांत लहान रानमांजर. ती तर हुबेहूब घरच्या पिल्लासारखी दिसते आणि म्हणून लोक तिला घरी नेतात. तिलाही हाच नियम. ओळखता येत नसेल तर ओळखायचं काम वनखात्यावर सोडा, फोन तेवढा करा.

घरात मांजर हवीच असेल तर आपल्याच वाडीत दर पावसाळ्यात पिल्लं होतात. त्यांतलं एक दोन महिन्यांचं झाल्यावर, आईचं दूध सुटल्यावर आणा. जंताचं औषध, लस, वयात यायच्या आत नसबंदी, एवढं करा. आणि बिबट्याच्या पट्ट्यात राहत असाल तर दिवेलागणीनंतर तिला दाराबाहेर सोडू नका. अकोले तालुक्यातल्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला, त्यात कुत्र्यामांजरांचे केस भरपूर सापडले आहेत.