व्हिसा दहा वर्षांचा, मुक्काम सहा महिन्यांचा

भाकऱ्या आवरून, गुरांना वैरण टाकून रेडिओजवळ बसलेल्या सगळ्या मावश्यांना, वहिनींना आणि लेकीसुनांना आमच्या बचत गटांकडून रामराम.

एरवी आपण बचतीचं, कर्जफेडीचं, शेळ्यांच्या विम्याचं बोलतो. आजचा विषय जरा लांबचा वाटेल. लेक अमेरिकेला गेली, राहण्याची मुदत संपली तरी तिथंच राहिली, तिथंच लग्न झालं, आणि आता लग्नाच्या आधारावर तिला कायमचं राहण्याचा अर्ज करायचाय. अशा वेळी तिकडं काय होतं आणि इकडं गावात आपण काय करायचं, काय करायचं नाही, तेवढं आज सांगतो. हे आम्ही वाचून शिकलो नाही, चुकून शिकलो.

आपल्या खानापूर-आटपाडीकडं माणूस लांब जाण्याची सवय जुनी आहे. सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी आपली माणसं देशभर पसरली. पण ती यात्रेला येतात, दिवाळीला येतात, घरात कुणी गेलं तर मिळेल त्या गाडीनं दहाव्यापर्यंत पोचतात. त्यामुळं आपल्या मनात एक पक्कं बसलंय, की यायचं मनात असलं तर माणूस येतोच. आला नाही, म्हणजे त्याच्या मनातच नाही.

आमच्या एका गटातल्या आक्कांचे मालक गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर वारले. लेक अमेरिकेत. ती आली नाही. दहाव्याला कावळा शिवेना. दोन तास माणसं उन्हात उभी. कुणीतरी म्हणालं, "लेकीत जीव अडकलाय, ती यायला पाहिजे होती." आक्का खाली मान घालून बसल्या होत्या. आणि खरं सांगायचं, तर आम्हीही त्या दिवशी एकमेकींच्या कानात तेच बोललो. एवढं शिकवलं, एवढ्या लांब पाठवलं, आणि बापाचं तोंड बघायला आली नाही. हे बोललेलं आम्हाला आजही टोचतं. कारण पोरगी यायला निघाली होती, आणि ती आली असती तर तिचा संसार मोडला असता.

झालं होतं असं. चार वर्षांपूर्वी चुलत बहिणीच्या बाळंतपणाला मदत म्हणून ती अमेरिकेला गेली. पासपोर्टवर पाहुण्यांचा व्हिसा, दहा वर्षांचा. घरात सगळ्यांनी पेढे खाल्ले. दहा वर्षांचा व्हिसा म्हणजे दहा वर्षं राहता येतं, असंच सगळ्यांना वाटलं. आम्हालाही तसंच वाटलं असतं.

मैत्रिणींनो, इथंच पहिली गाठ आहे. व्हिसा म्हणजे त्या देशाच्या दारापर्यंत जायची परवानगी. आत किती दिवस राहायचं, ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. पाहुणीला बहुधा सहा महिने देतात. ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत असते आणि ती ऑनलाइन बघता येते. व्हिसावरची तारीख वेगळी, आय-९४ ची वेगळी. राहायचं ते आय-९४ च्या तारखेपर्यंत. त्या तारखेनंतर एक दिवस जरी जास्त राहिलं, तरी तो दहा वर्षांचा व्हिसाही आपोआप रद्द होतो.

आक्कांच्या लेकीनं ती नोंद पाहिलीच नाही. बाळ अशक्त होतं, म्हणून मुक्काम वाढला. कळलं तेव्हा मुदत उलटून वर्ष झालं होतं. मग भीतीनं ती गप्प राहिली. एका दुकानात कामाला लागली. तिथंच जन्मलेला, तिथला नागरिक असलेला मुलगा भेटला. दोघांनी रीतसर नोंदणी करून लग्न केलं. कायमच्या राहण्याच्या अर्जासाठी ते पैसे साठवत होते, तेवढ्यात इकडं वडील गेले.

आक्कांच्या भावानं जिल्ह्याच्या गावातला एक एजंट गाठला. तो म्हणाला, "चाळीस हजार द्या. पोरीला दहाव्याला आणा. व्हिसा दहा वर्षांचा आहे, परत जायचं मी बघतो." आक्का गटाकडं आल्या. आम्ही त्याच संध्याकाळी सभा घेतली आणि अडीनडीचं कर्ज म्हणून चाळीस हजार मंजूर केले. आम्हाला वाटलं, पुण्याचं काम केलं.

तिकडं लेक तिकीट काढायला बसली होती. नवऱ्यानं हट्टानं एका वकीलबाईंना फोन लावला. त्या एवढंच म्हणाल्या, "आज विमानात बसलीस, तर दहा वर्षं परत येता येणार नाही."

अमेरिकेचा १९९६ सालचा कायदा असा आहे. मुदतीनंतर १८० दिवसांपेक्षा जास्त, पण वर्षाच्या आत राहून देश सोडला, तर ३ वर्षं प्रवेशबंदी. एक वर्ष किंवा जास्त राहून सोडला, तर १० वर्षं. आणि नीट ऐका, ही बंदी लागते ती बाहेर पडल्यावर. माफीचा एक अर्ज असतो, पण नवऱ्याला किंवा तिथं हक्कानं राहणाऱ्या आईवडिलांना फारच मोठा त्रास होईल, हे सिद्ध करावं लागतं. ते सोपं नाही. एजंटानं यातलं काहीच सांगितलं नव्हतं. त्याला माहीत नव्हतं की सांगायचं नव्हतं, देव जाणे. आमचे पैसे परत आले नाहीत. आक्का दर महिन्याला हप्ता फेडतात.

आता दुसरी बाजू. नवरा अमेरिकेचा नागरिक असेल, आणि लेक विमानतळावर अधिकाऱ्यासमोर उभी राहून, तपासणी होऊन आत गेली असेल, तर मुदत उलटलेली असली तरी तिथंच राहून तिला ग्रीन कार्डचा, म्हणजे कायमच्या राहण्याचा अर्ज करता येतो. नागरिकाच्या बायकोला कायद्यानं ही सवलत दिलीय. नवरा आय-१३० हा अर्ज भरतो, ती आय-४८५ भरते. २०२४ च्या एप्रिलपासून एकट्या आय-४८५ ची फी १,४४० डॉलर होती. फी बदलत असते, म्हणून भरण्याआधी यूएससीआयएस या त्यांच्या सरकारी खात्याच्या वेबसाइटवर बघायचं. नवऱ्याला उत्पन्नही दाखवावं लागतं. साधारणपणे तिथल्या दारिद्र्यरेषेच्या सव्वापट लागतं.

पण ही सवलत सगळ्यांना नाही. नवऱ्याकडं नुसतं ग्रीन कार्ड असेल, नागरिकत्व नसेल, तर मुदत उलटलेल्या बायकोला सहसा हा रस्ता बंद असतो. जंगलातून, सीमेवरून लपून गेलेल्यांनाही नुसत्या लग्नानं तिथं बसून कार्ड मिळत नाही. आणि लग्न करून राहायचंच असं आधी ठरवून पाहुणी म्हणून जाणं, ही फसवणूक धरतात.

अर्ज भरला म्हणजे सगळं मिटलं, असंही नाही. अर्ज चालू असताना लेकीवर कारवाई होऊ शकते, म्हणून वकिलाशिवाय पाऊल टाकायचं नाही. कामाचा परवाना हातात येईपर्यंत काम करायचं नाही. पत्ता बदलला, तर दहा दिवसांत कळवायचं. आणि परवानगी न घेता देश सोडला, तर अर्ज सोडून दिला असं धरतात. अशी परवानगी मागता येते, पण ती मिळाली तरी परत आत घेण्याची हमी नसते. म्हणजे आईनं फोनवर "एकदा येऊन जा गं" म्हणणं किती महाग पडेल, ते बघा.

हे कळल्यावर आम्ही आक्कांच्या घरी गेलो. "आक्का, आम्ही चुकलो," असं म्हणालो. त्या म्हणाल्या, "आता चुकलं ते चुकलं. वकीलबाईंनी तिचे कागद मागितलेत. ते कसे काढायचे, ते सांगा." मग मात्र आम्ही कंबर कसली.

लेकीचा जन्मदाखला ग्रामपंचायतीत होता, पण त्यावर बाळाचं नाव नव्हतं. नुसतं "मुलगी", आणि आईबापाचं नाव. शाळेच्या दाखल्यावर आडनावाचं स्पेलिंग एक, पासपोर्टवर दुसरं. ग्रामसेवकांकडं चार हेलपाटे झाले. ज्यांची नोंदच सापडत नाही, त्यांनी नोंद नसल्याचा दाखला घ्यायचा. त्याच्यासोबत शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्म माहीत असलेल्या जाणत्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं जोडतात. जन्माची नोंद वर्षापेक्षा जास्त उशिरानं करायची झाली, तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. मराठी कागदाचं इंग्रजी भाषांतर लागतं, आणि भाषांतर पूर्ण व बरोबर आहे, आपल्याला दोन्ही भाषा येतात, असं भाषांतर करणाऱ्यानं सही करून लिहून द्यायचं असतं. आमच्या गटातली बीए झालेली सून पुढं आली आणि तिनं ते केलं.

अजून एक. लेकीचं किंवा जावयाचं आधी लग्न झालं असेल, तर ते कायद्यानं मोडल्याचा कागद लागतो. पंचांसमोर काडीमोड झाली, सगळ्या गावाला माहीत आहे, हे तिकडं सांगून भागणं अवघड. कोर्टाचा हुकूमनामा हातात हवा. पहिलं लग्न उभं असेल, तर दुसरं लग्नच धरत नाहीत, मग अर्ज कसला?

शेवटी मुलाखत होते. नवरा-बायको दोघं जातात. कधी वेगवेगळं बसवूनही विचारतात. लग्न खरं आहे का, हे बघतात. एकत्र भाड्याचा करार, दोघांचं बँक खातं, विजेचं बिल, लग्नाचे आणि घरातले फोटो, असे पुरावे लागतात. आम्ही इथून आक्कांच्या घरचे फोटो पाठवले. जावई व्हिडिओ कॉलवर सासऱ्यांशी बोलतोय, त्याचा एक फोटो सापडला. सासऱ्यांचा तो शेवटचा फोटो.

कुणी म्हणेल, पैसे देऊन कागदावर लग्न लावू. तसं कधीच करू नका. खोट्या लग्नाला तिथं ५ वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आहे, आणि पुढं खरं लग्न झालं तरी त्या आधारावर कार्ड मिळत नाही.

आता जे सांगतो, ते ज्यांच्या लेकी परदेशी दिल्यात, त्या सगळ्यांनी ऐका. नवऱ्याच्या अर्जावर बायकोचे कागद अवलंबून असले, की काही नवरे त्याचाच चाबूक करतात. "बोललीस तर अर्ज मागं घेईन, पोलिसांत देईन." असं होत असेल, तर लेकीला सांगा की अमेरिकेत १९९४ पासून यासाठी कायदा आहे. नागरिकाची किंवा ग्रीन कार्डवाल्याची बायको मारहाण, छळ सोसत असेल, तर ती आपला अर्ज स्वतः करू शकते. नवऱ्याची सही लागत नाही, आणि खातं नवऱ्याला कळवत नाही. तसंच, कार्ड मिळताना लग्नाला दोन वर्षं झाली नसतील, तर पहिलं कार्ड दोनच वर्षांचं मिळतं. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून पुढचा अर्ज करायचा असतो. पण छळ झाला किंवा घटस्फोट झाला, तर तोही ती एकटी करू शकते. म्हणून पासपोर्ट तिच्याच ताब्यात हवा, आणि प्रत्येक कागदाची एक प्रत माहेरी हवी.

आमच्या गटांनी आता तीन गोष्टी ठरवल्यात. परदेशी निघालेल्या पोरीची फाइल गटात तयार करायची: जन्मदाखला, शाळेचा दाखला, लसीकरणाचं कार्ड, सगळीकडं एकच स्पेलिंग. लसीकरणाचं कार्ड म्हणजे क्षुल्लक समजू नका, ग्रीन कार्डाच्या वैद्यकीय तपासणीत लसी विचारतात. दुसरं, पोचल्यावर आठवड्यात आय-९४ ची तारीख बघून आईला कळवायची, आणि आईनं ती कॅलेंडरवर लिहायची. तिसरं, एजंटाच्या कामासाठी कर्ज मागितलं, तर आधी जाणकार वकिलाला विचारायचं, मगच सही.

आक्कांच्या लेकीचा अर्ज अजून चालू आहे. वर्षश्राद्धालाही ती आली नाही. पण या वेळी कुणी काही बोललं नाही. पानं वाढून झाल्यावर आक्कांनी फोन भिंतीला टेकवून ठेवला. तिकडं पहाटेचे साडेतीन वाजले होते. लेक अंघोळ करून, पदर घेऊन समोर बसली होती. आधी आक्का प्रत्येक फोनला विचारायच्या, "कधी येतीस?" आता विचारतात, "कागद कुठवर आला?" लेक सांगते, आणि आक्का ते वहीत लिहून ठेवतात. हप्त्यांची आणि कागदांची वही एकच आहे.

तुमच्याही गावात अशी एखादी आई असेल. तिच्या लेकीबद्दल बोलण्याआधी तिच्या दारात जा आणि कागद कुठवर आला ते विचारा. पुढच्या वेळी भेटू. नमस्कार.